आर्नाउचं नाव

ऑगस्टच्या मध्यावर, उत्सवाच्या दिवसांत, बार्सेलोनातल्या ग्रासिया वस्तीत पाऊल टाकायचं नाही, हे मी बावीस वर्षं पाळलं. बार्सेलोनाला कामासाठी यावं लागलं तरी आमच्या गल्लीकडे वळले नाही. यंदा आले, कारण मार्चमध्ये आर्नाउ गेला. मला एकच गोष्ट हवी होती. गल्लीच्या जेवणात माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं जावं.

उत्सवाच्या रविवारी दुपारी आमची सगळी गल्ली रस्त्यात टेबलं जोडून भात जेवते. पहिला घास घेण्याआधी त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचतात आणि एकेका नावाला सगळे मुठीनं टेबलावर तीनदा ठोकतात. गल्ली सोडून गेलेल्यांचीही नावं वाचतात. एक जण तर मेक्सिकोत वारला होता, त्याचंही वाचलं. यादी वाचतात माझे वडील. इझिद्रे, वय सत्याऐंशी, चाळीस वर्षं गल्लीचे प्रमुख. माणूस कडक, आणि आपण कडक आहोत याचा त्यांना अभिमान.

आर्नाउचं नाव त्या यादीत येणं अवघड होतं. उत्सवात गल्ल्यांची सजावटीची स्पर्धा असते; सजावट कशाची, हे जानेवारीत ठरतं आणि उत्सवाच्या पहिल्या सकाळपर्यंत गल्लीबाहेर फुटत नाही. शेजारची गल्ली म्हणजे सख्खी वैरीण. बक्षीस एकाच गल्लीला. घरातली भांडणं आमची माणसं चौकात बसून सांगतील, पण सजावटीबद्दल ब्र काढणार नाहीत. बावीस वर्षांपूर्वी आम्ही समुद्राचा तळ केला होता. सात महिने प्लास्टिकच्या बाटल्या कापून आर्नाउनं देवमासा बनवला, या बाल्कनीपासून त्या बाल्कनीपर्यंत. पहिल्या सकाळी शेजारच्या गल्लीत जाऊन बघतो, तर तिथंही देवमासा, आमच्यापेक्षा मोठा. आर्नाउचा मावसभाऊ त्या गल्लीत राहायचा. तेवढं पुरलं; गुपित आर्नाउनंच फोडलं, असं सगळ्यांनी ठरवलं. गल्लीतल्या असुम्तामावशीनं त्याच्या अंगावर कागद चिकटवायच्या खळीची बादली ओतली. बाबा म्हणाले, "या माणसानं यापुढे आमच्या शिडीला हात लावायचा नाही." महिन्याभरात आम्ही दूर ल्येइदा शहरात बिऱ्हाड हलवलं.

रविवारी सकाळी मी थेट तळघरातल्या, गल्लीच्या सजावटीच्या कामाच्या खोलीत गेले. यंदा गल्लीत मधमाश्यांचं पोळं टांगलं होतं. आदल्या रात्रीच्या वाऱ्यानं पडलेली एक कागदी माशी बाबा मांडीवर घेऊन चिकटवत होते.

"आलीस?" मी कोपऱ्यावरून पाव घेऊन आल्यासारखं त्यांनी विचारलं.

"आले. काहीतरी मागायला आलेय."

"लवकर माग. डिंक वाळतोय."

"आज आर्नाउचं नाव वाचा."

त्यांनी पंख दाबून धरला. बराच वेळ सोडला नाही.

"कोणी टेबल वाजवणार नाही, तेक्ला. उगाच शोभा होईल."

"होऊ दे. व्हायची ती शोभा तेव्हाच झाली."

"वाचलं तर विचारतील. मग मला सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?"

बाबांनी माशी खाली ठेवली. "त्या वर्षी न्हाव्याकडे बसलो होतो. तो त्या गल्लीतला. त्यांची सजावट अशी, त्यांची सजावट तशी, तोंड थांबेना. मी म्हटलं, आमच्याकडे असा मासा टांगणार आहोत की तुम्ही तोंडात बोटं घालाल. एवढंच बोललो मी."

"आणि हे तुम्हाला कळलं कधी?"

"त्यांचा मासा बघितल्याबरोबर."

"म्हणजे बादली ओतली तेव्हा कळलेलं होतं."

"होतं."

मला वाटलं, ती डिंकाची बरणी उचलावी आणि यांच्या डोक्यावर ओतावी. पण राग त्यांच्यावर टिकेना, माझ्याकडेच वळला. ल्येइदात मी आर्नाउला किती वेळा विचारलं असेल, "मला तरी खरं सांग, तूच ना?" तो नाही म्हणायचा. मी पुन्हा विचारायची. नाताळात विचारायची, भांडणात विचारायची, तो तापानं पडलेला असताना विचारायची. सहाव्या वर्षी एकदा तो म्हणाला, "हो, मीच. झालं समाधान?" त्यानंतर मी कधी विषय काढला नाही. मी त्याला माफ केलं. आपलं मन केवढं मोठं, असंही मला वाटलं.

"मी गेल्यावर सगळ्यांना सांग," बाबा म्हणाले. "या वयात नको गं."

"तुमच्यानंतर नाही. आज. आणि मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं. नाहीतर तुमच्या तिरडीलाही मी येणार नाही."

दुपारी दोनला टेबलं भरली. मोठमोठ्या कढयांतून भाताची वाफ येत होती. ओळखणारे मला बघून मीठ शोधू लागले. बाबा उभे राहिले. चार नावं वाचली, एकेकाला तीनदा टेबलं वाजली. मग ते नुसतेच कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, बसतील आता.

"आर्नाउ," ते म्हणाले.

एकही मूठ हलली नाही.

"इझिद्रे, चष्मा बदल रे," असुम्तामावशी म्हणाली. पलीकडे कोणीतरी हसलं.

बाबांनी टेबलाची कड धरली. "चष्मा ठीक आहे. गुपित त्यानं फोडलं नव्हतं. मी फोडलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून. आणि गप्प बसलो."

भात निवत होता, कोणी वाढायला उठेना. असुम्तामावशी आता नव्वदीला टेकलेली. ती बाबांकडे बघत राहिली, मग स्वतःच्या हातांकडे. "मी त्या पोरावर बादली ओतली," ती हळू म्हणाली. आणि तिनं मूठ आपटली. मग शेजारच्यानं, मग पुढच्या टेबलानं. तीनदा झालं तरी कोणी थांबेना. ताटल्या उडत होत्या. बाबा मान खाली घालून उभे होते, त्यांना कोणी बस म्हणालं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. याचसाठी तर मी आले होते. पण माझी मूठ मांडीवरून उठेना. गल्लीनं त्याला चोर ठरवलं आणि दाराबाहेर काढलं. मी त्याला बावीस वर्षं शेजारी घेऊन झोपले आणि चोरच मानलं.