गळ्यातलं न काढता काढलेला एक्स-रे

मी एक एक्स-रे बोलतोय. छातीचा नाही, मोडक्या हाताचा नाही, सबंध जबड्याचा. दात असे विचकलेले, की बघणाऱ्याला वाटावं हा हसतोय. हसण्यासारखं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही.

माझा जन्म नेरूळचा, स्टेशनजवळच्या एका दातांच्या दवाखान्यातला. तिथला नियमच असा, की पेशंट नवीन असला की आधी त्याचा एक्स-रे. शिमग्याच्या आधी खाडीकाठच्या सारसोळे गावच्या मालतीबाई तिथं आल्या. मागची दाढ ठणकत होती. सोबत लेक उन्नती. गावातल्या पुष्कळांनी होड्या विकून इमारती उठवल्या. मालतीबाईंचा नवरा कान्हा मात्र अजून जाळं घेऊन खाडीत जातो.

मशीनवरच्या सुधीरनं रोजचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "काकी, कानातलं, नाकातलं, गळ्यातलं काढून ठेवा. सोनं मधे आलं की फोटो खराब होतो."

कानातलं निघालं, चमकी निघाली. गळ्याशी मात्र बाईंचा हात थांबला. तिथं गळ्यालगत जाड मंगळसूत्र होतं.

"गल्यातला नाय काढनार," त्या म्हणाल्या. "उन्नतीचा बापूस खारीत गेलाय. तो पान्यात हाय तवर गला मोकला करायचा नाय. माज्या सासूनं केला नाय, मी पन नाय करनार."

"आई, पाच मिनिटांचं काम आहे गं," उन्नती कुजबुजली.

"पान्याला पन पाच मिन्टाच लागतात."

सुधीर संगमेश्वराकडचा, त्याच्या आईनंही हेच केलं असतं. "राहू द्या काकी, दाढ तर मागे आहे," तो म्हणाला. मशीन बाईंच्या डोक्याभोवती फिरलं आणि मी जन्मलो. चांगुलपणातून जन्मलो, हेच माझं दुर्दैव. कुणी हलगर्जी केली असती, तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

माझ्या मधोमध, बरोबर हनुवटीच्या जागी, पांढरा डाग उमटला. मानेमागून येणारी किरणं गळ्यातल्या सोन्यानं अडवली होती. डॉक्टर अबोलीबाईंनी मला उजेडापुढं धरलं. "मधे दागिना आलाय. पण दाढ स्पष्ट दिसतेय. पुढच्या दातांचा फोटो नंतर परत काढू," त्या म्हणाल्या. दाढ उपटली, ठणका थांबला. गरज सरो, वैद्य मरो! ते 'नंतर' काही उगवलं नाही.

पाकिटात बसून मी सारसोळ्याला आलो आणि फ्रिजवर पडलो. माणसांची एक गंमत आहे. एक्स-रे हाती आला की प्रत्येक जण तो ट्यूबलाइटकडं धरतो, डोळे बारीक करतो आणि सगळं कळल्यासारखी मान डोलावतो. कित्येकांनी मला उलटं धरूनही मान डोलावली. शेजारच्या गिरजाबाईंना तर माझ्यात त्यांची मेलेली जाऊ दिसली.

मालतीबाई मात्र त्या पांढऱ्या डागावरच बोट ठेवायच्या. कान्हाला बोलावून म्हणायच्या, "बघा, तुमचा मंगलसूत्र पन फोटोत आलाय. हाडात बसलाय माज्या." कान्हा लाजून बाहेर जायचा. मला त्या डागाखालचं काही ठाऊक नव्हतं. पण मला ठाऊक नाही, एवढं तरी मला ठाऊक होतं. जिथं काही दिसत नाही तिथं काही नसतं असं नाही, हे ओरडून सांगावंसं वाटायचं. एवढे दात दिले मला, पण बोलायला जीभ दिली नाही.

पुढचे दात हलायला लागले. वय झालं, असं सगळे म्हणाले. गौरी-गणपतीत हनुवटी सुजली, तर आंबेहळदीचा लेप लावला. लेपानं सूज उतरेना, तेव्हा उन्नतीनं आईला मोठ्या हॉस्पिटलात ओढत नेलं. त्या दिवशी कान्हा सोबत होता, पाण्यात नाही, जमिनीवर, बायकोशेजारी. मंगळसूत्र निघालं आणि त्याच्या मुठीत गेलं.

दुसरा एक्स-रे निघाला. माझा धाकटा भाऊच म्हणा. तिथल्या डॉक्टरांनी आम्हांला शेजारी शेजारी लावलं. माझ्यात जिथं पांढरं होतं, तिथं त्याच्यात काळं भगदाड होतं. हाड आतून पोखरून गाठ मानेत उतरली होती.

"हे तेव्हा दिसलं असतं तर?" उन्नतीनं विचारलं.

"तेव्हा लहान असणार. काढता आली असती," डॉक्टर म्हणाले. "आता ऑपरेशन होणार नाही. किरणांचा शेक देऊ. त्रास थोडा कमी होईल."

कान्हानं मूठ उघडली नाही.

आता शेक चालू आहे. मालतीबाईंच्या मानेची कातडी करपलीय, गळ्यात दोरासुद्धा सहन होत नाही. मंगळसूत्र देवापाशी वाटीत ठेवलंय. आणि गळा मोकळा आहे म्हणून त्या नवऱ्याला पाण्यात जाऊ देत नाहीत. भरती आली की तो दाराशी जातो, त्या आतून हात हलवतात, तो परत फिरतो. होडी चिखलात कलंडलीय.

माझं आता कुणाला काम नाही. तरी तुम्हांला एकच विनवणी. आमच्यापैकी कुणी तुमच्या हाती आला, तर आमच्यात काय दिसतं ते बघाच, पण काय झाकलं गेलंय तेही विचारा. त्या दिवशी एकानं जरी विचारलं असतं! नाही विचारलं. जाऊ द्या, माझं रडगाणं ऐकून तुमचाही जीव विटला असेल.

काल दुपारी कान्हानं मला पाकिटातून काढलं आणि ओटीवर नेलं. उन्हाकडं धरलं. तो पांढरा डाग अंगठ्यानं पुसू लागला, जणू निघणारच होता. मग अगदी हळू म्हणाला, "त्या दिशी मी पान्यात नवतो गो. जाला फाटला होता. होडी बांदून नाक्यावर पत्ते खेलत होतो."

आतून मालतीबाईंचा जड आवाज आला, "कोनाशी बोलताव ओ?"

"कोनाशी नाय," तो म्हणाला, आणि त्यानं मला पाकिटात सरकवलं.