नव्या खुब्याची पहिली फेरी

"चढताना चांगला पाय आधी," असं स्वतःशीच पुटपुटत चांगुणाबाईंनी उजवा पाय नांदेड डेपोतल्या लातूर गाडीच्या पायरीवर ठेवला आणि डावा मागून ओढून घेतला. दुसरी पायरी. मग तिसरी. वर पोचल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की रिकाम्या गाडीकडे बघून त्या चक्क हसल्या. डिझेल, रेक्झिन आणि काल कुणीतरी खाऊन टाकलेल्या संत्र्याची सालं यांचा एकत्र वास येत होता. दवाखान्यात पडल्या पडल्या जीव या वासासाठी तळमळत होता, असं त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

ड्रायव्हर लिंबाजी पौळ आपल्या सीटवरून मान वळवून बघत होते. "काय बाई, जमून राहिलं का?"

"न जमायला काय झालं? काहीच दुखत न्हाई मला."

हे वाक्य कंडक्टर चांगुणा गजभारे यांना आता पाठ झालं होतं. डॉक्टरांना, नवऱ्याला, व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला, सगळ्यांना त्यांनी तेच ऐकवलं होतं. डाव्या खुब्याचा गोळा सुकला म्हणून सांधाच बदलावा लागला, त्याला आता चार महिने होत आले होते. जखम भरली होती, काठी सुटली होती, पण आत खोलवर एक कळ मुक्कामाला राहिली होती. ती जायचं नाव घेत नव्हती आणि बाई तिचं नाव घेत नव्हत्या.

डेपो मॅनेजर भला माणूस. तो म्हणाला होता, "बाई, लातूरला जाऊन या. जमलं की नाही ते संध्याकाळी तुम्हीच मला सांगा. नाही जमलं तर आरक्षणाची खिडकी आहे. खुर्ची आहे, पंखा आहे." त्याला वाटलं आपण दिलासा देतोय. पण खुर्चीचा बाईंनी धसकाच घेतला होता. विहारात वंदनेला सगळ्या बायका खाली मांडी घालून बसायच्या आणि या एकट्या मागे खुर्चीवर, परगावच्या पाहुण्यासारख्या. जेवायला खुर्ची, न्हायला खुर्ची. आता नोकरीही खुर्चीवरच करायची, तर मग घराबाहेर पडायचं तरी कशाला?

त्यांनी घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी हलली आणि बाईंच्या अंगावर शहारा आला.

पण चार महिन्यांत गाडी बदलली होती. मे महिना होता, आणि लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. पूर्वी लातूरला लेकीकडे निघालेली माणसं करंज्या न्यायची, पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा न्यायची. आता ज्याच्या त्याच्या हातात पाण्याचा कॅन. कॅन टपावर टाकायला कुणी तयार नव्हतं, न जाणो वर उन्हानं तापायचा, नाहीतर कुणी ढापायचा. लोहा येईपर्यंत सीटांमधली सगळी वाट कॅनांनी भरून गेली. बाईंनी घरच्या ओसरीत गाडीत चालण्याचा सराव केला होता, दांडी धरून, खाटा सीटांसारख्या लावून. पाय उंच उचलून कॅन ओलांडण्याचा सराव काही त्यांनी केला नव्हता.

त्यात गाडीत जिल्ह्यावरून जुंपली होती. नवे जिल्हे होणार अशी आवई उठलेली. किनवटच्या एका आश्रमशाळेत शिकवणारे शिवमूर्ती गुरुजी सांगत होते, "आधी किनवट. आमच्याइतकं लांब कुनीच न्हाई." उदगीरचे वीरण्णा नावाचे कापडवाले उसळून म्हणाले, "उदगीरचं कवाच ठरलंय. कचेरीला जागा सुद्धा बगून ठिवली."

"जिल्हा कुनाचा बी होऊ द्या," बाई ओरडल्या, "पन आपल्याच गाडीत बसून करू नका. तिकिटं घ्या."

गाडी हसली. बाईंना आणखीच उत्साह आला. हे, हेच हवं होतं त्यांना. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि पहिल्याच कॅनपाशी डावा पाय अडला. तो तेवढा वर उठेना.

गुरुजींच्या ते लक्षात आलं. "बाई, तुमी बसा दाराजवळ. आम्ही पैसे पुढं सरकवतो."

आणि तसंच झालं. मागच्यांनी पैसे पुढच्यांच्या हातात दिले, तिकिटं हातोहात मागे गेली. लोक मोठ्या कौतुकानं करत होते आणि बाई कंडक्टरच्या सीटवर बसून मशीन दाबत होत्या. त्यांना रडू येत होतं. म्हणजे खिडकी इथेही आलीच.

मागच्या बाकावरून मात्र पैसे आले नाहीत. लोह्याला चढलेली एक म्हातारी गाठ मारलेला पदर मुठीत धरून बसली होती. धुरपताबाई तिचं नाव.

"आज्जी, द्या इकडं," वीरण्णा म्हणाले.

"तुमी कंडक्टर हाव का? मी कंडक्टरच्या हातातच देत असते. बाईला धाडा इकडं."

"आज्जी, बाईचा पाय..."

"पायाला काय झालं? मला तर काई दिसत न्हाई."

खरं तर म्हातारीचा राग यायला हवा होता. पण बाई ताडकन उठल्या. त्यांना कुणीतरी कंडक्टर म्हणून बोलावलं होतं. "कॅन उचलून मांडीवर घ्या," त्या म्हणाल्या. "वाट द्या मला."

माणसांनी कॅन उचलले. कुणी मांडीवर घेतला, कुणी डोक्यावर धरला. बाई दांडी धरत, एकेक पाऊल टाकत निघाल्या. म्हातारीजवळ पोचल्या आणि जुन्या सवयीनं डावा खुबा सीटच्या कोपऱ्याला टेकवला. दोन्ही हात मोकळे ठेवायचे तर कंडक्टर असाच उभा राहतो, सगळा भार खुब्यावर देऊन. तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली.

कळ मस्तकात गेली. मशीन हातातून सुटलं ते गुरुजींनी झेललं.

धुरपताबाईनं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. "माय, तुला दुखतंय. मग सांगितलं का न्हाईस?"

आणि इतक्या दिवसांत कुणापुढे आलं नव्हतं ते बाईंच्या तोंडून आलं. "दुखतं मावशी. लई दुखतं. रात्री कूस बदलता येत न्हाई."

"गोळी न्हाई दिली का डाक्टरनं?"

दिली होती. ती कोटाच्या खिशात तशीच होती. गोळी घेतली म्हणजे दुखतंय असं कबूल केल्यासारखं होईल म्हणून सकाळी बाईंनी ती घेतलीच नव्हती. म्हातारीनं आपल्या कॅनचं झाकण उघडलं.

"नको मावशी. लेकीकडं चाललात ना? तिच्या वाट्याचं हाय ते."

"बाळंतीण हाय ती. तिला बी कळतं दुखणं काय असतंय. पी."

झाकणभर पाण्याबरोबर बाईंनी गोळी गिळली. पाण्याला विहिरीच्या तळाची किंचित गढूळ चव होती. मग म्हातारीनं पदराची गाठ सोडली, पैसे बाईंच्या तळहातावर ठेवले आणि तिकीट नीट घडी करून कनवटीला लावलं.

अहमदपूर मागे पडलं. कळ गेली नव्हती, नुसती थोडी मागे सरली होती. पण ती लपवण्यात निम्मा जीव जात होता, तो आता मोकळा झाला. बाई पुन्हा उठल्या, आणि या वेळी त्यांनी उजवा खुबा टेकवला. वाकडं वाटत होतं, उलट्या हातानं भाकरी थापावी तसं. तरी हात मोकळे राहत होते. शिरूरला चढलेल्यांना त्यांनी जागेवर जाऊन तिकिटं दिली, आणि उदगीरसाठी तिथं उतरणाऱ्या वीरण्णांना विचारलंही, की उदगीर जिल्हा झाल्यावर आम्हाला कापडात काही सूट मिळेल का.

लातूरच्या स्टँडवर चहा घेताना डेपो मॅनेजरचा फोन आला. "काय बाई, कसं वाटलं?"

"दुखतंय साहेब."

"मग खिडकी बघू का?"

"न्हाई. दुखतंय, एवढंच सांगितलं. तुमी म्हनला होता ना, तुमीच सांगा? उद्याची लातूरच लावा."

लिंबाजींनी ऐकलं आणि बशीतला चहा संपवला.

परतीच्या गाडीला लग्नसराईची गर्दी होती. दार उघडायच्या आधीच माणसं दाराला चिकटली, कोपरं मारू लागली. बाई त्या गर्दीच्या मागे उभ्या होत्या. गर्दीतून घुसून, लोकांच्या आधी वर चढायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आज नुसत्या विचारानंच खुबा ठणकला.

"थांबा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माझा खुबा बदललाय. लई दुखतो. आधी मी चढनार, मग तुमी."

माणसं वळून बघू लागली. कुणी हसलं नाही. दाराशी होता तो माणूस खाली उतरला, त्याच्यामागचा बाजूला झाला, आणि नांदेड गाडीच्या दारापाशी वाट मोकळी झाली. बाईंनी उजवा पाय पायरीवर ठेवला. त्या सावकाश, अजिबात घाई न करता चढल्या, आणि तेवढा वेळ सगळी गर्दी ऊन सोसत उभी राहिली. एकानं मात्र तेवढ्यात खिडकीतून रुमाल टाकून आपली जागा धरलीच.