मापाऱ्याचा आकडा

"काकी, मशीन नेते हां," अंजू अंगणातूनच म्हणाली. "वाडीतली ठकीआजी सकाळपासून धापा टाकते. तिला लावायचंय."

कमळला ते द्यावंसं वाटेना. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा दहा दिवस या घरात होता. अंजू गावची आशाताई. शहापूरच्या डॉक्टरांनी कमळच्या नवऱ्याच्या, कुंडलिकच्या छातीचा फोटो बघून गोळ्या देऊन घरी पाठवलं, तेव्हा तिनंच आपल्याकडचा चिमटा आणून दिला होता. वरचा आकडा नव्वदच्या खाली गेला की वाट बघायची नाही, गाडी करून सरळ इकडे आणायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आकडे लिवलेत ना काकांनी?"

"लिवलेत," ओट्यावरच्या खाटेवरून कुंडलिक बोलला. एवढ्यानंही त्याला दम लागला. "आत्ताच बगितला. पंच्याण्णव."

अंजूनं कागदावर नजर टाकली. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, पंच्याण्णव. तिनं स्वतः लावून काही बघितलं नाही. कुंडलिक मापाऱ्याचं कोण पुन्हा बघणार? धसईच्या बाजारात चाळीस वर्षं भात त्याच्या पायलीनं मापलं गेलं. पहिली पायली 'लाभ' म्हणून ओतायची, मग दोन, तीन, चार असं मोठ्यानं बोलत जायचं. विकणारा मोजत नसे, घेणाराही मोजत नसे. मापारी बोलेल तोच आकडा. त्याच्या मागून मोजायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. आता भाताच्या धुळीनं त्याची छाती निकामी केली होती, पण शब्दाचं वजन अजून होतं तिथंच होतं.

कमळनंही कधी मोजलं नव्हतं. तिला आकडे येतच नव्हते. नोटा ती रंगावरून ओळखायची. चिमटा लावला की आकडे लाल उजळत, कुंडलिक वाचून सांगे, आणि ती "बरं" म्हणून चुलीकडे वळे. मुलगी भाविका वाशिंदला, दिवस भरत आलेले. तिलाही फोनवर तोच आकडा कळवायचा.

गेले चार दिवस मात्र ते "बरं" तिच्या तोंडून निघत नव्हतं. आकडा पंच्याण्णव, आणि माणूस भाताचा घास तोंडात धरून श्वास घेत बसलेला. ओठ काळेनिळे. पाठ टेकता येत नाही. तिला रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग यायचा. आकडा चांगला असताना रडायचं कशाला?

अंजू गेली तशी ती म्हणाली, "आता आपला एक घेऊ. मेडिकलात मिळतो."

"कशाला गो? आकडा तं बरा येतोय."

"झोप नाय तुमाला, जेवन नाय."

"थंडी हाय." तो थांबला, श्वास गोळा केला. "आमच्या पंढरीला नेला व्हता ना मुंबईला. नळ्या लावल्या. आमाला काचंतून दाखवला. मला तसा नाय जायाचा."

पंढरी त्याचा थोरला भाऊ. तो परत आला तो गुंडाळूनच. कमळनं शेजारच्या प्रेमाला खाटेपाशी बसवलं, साडीच्या घडीतले पैसे घेतले आणि बाजाराची वाट धरली. वाटभर तिच्या डोक्यात एकच घोळ. चिमटा घेतला तर गाडीला पैसे उरत नव्हते. गाडीसाठी ठेवले, तर गाडी कधी करायची हे सांगणारं घरात काही उरत नव्हतं. देवा, तूच एकदा सांगून टाक, असं ती चालता चालता पुटपुटली.

मेडिकलवाल्या मितेशनं डबी उघडून चिमटा तिच्याच बोटाला लावला.

"हे बघा काकी, वरचा आकडा. अठ्ठ्याण्णव. तुमचं एकदम झकास."

कमळ बघत राहिली. पहिल्या आकड्याला वर चौकोन, खाली नुसती वाकडी काडी. दुसऱ्याला दोन चौकोन, एकावर एक.

"यातला नव्वदचा कंचा?"

"हा, पहिला. नऊ. नव्वदच्या पुढं हाच येनार."

"आनि हा दोन चौकोनांचा?"

"आठ."

दहा दिवस कुंडलिकच्या बोटावर पहिला आकडा दोन चौकोनांचाच उजळत होता. एकदाही काडी दिसली नव्हती. तिनं रोज डोळ्यांनी बघितलं होतं, आणि कानांवर विश्वास ठेवला होता.

"पयला आठ असला तं?"

मितेशचं हसू गेलं. "मग घरी ठेवायचं नाय काकी. लगेच ॲडमिट. कोनाचा आलाय?"

तिनं बोटावरून चिमटा काढून काचेवर ठेवला.

"घेताय ना?"

"नाय," ती म्हणाली. "आता नको."

कमळनं बाजारातूनच ठरवून आणलेली जयरामची भाड्याची जीप अंगणात वळली तेव्हा कुंडलिकनं आधी गाडीकडे बघितलं, मग बायकोच्या रिकाम्या हातांकडे. विचारायचं काही राहिलं नाही.

"मी माप कमी नाय दिलं कुनाला," तो खाली मान घालून म्हणाला.

"नाय दिलंत. मलाच तेवढं जास्त दिलंत." तिचा आवाज फाटला. त्याला धरून हलवावं असा तिला राग आला होता, आणि त्याच हातांनी ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. "दहा दिस गेले आपले. दहा दिस."

"तिकडं नळ्या लावतील गो."

"लावू दे. काचंच्या भाईर मी बसन. हलनार नाय."

त्यानं टोपी घातली. जयराम उचलायला पुढे झाला, त्याला त्यानं हातानंच थांबवलं. कमळच्या खांद्यावर हात ठेवून तो ओट्याच्या पायऱ्या उतरला, प्रत्येक पायरीवर थांबत. गाडीच्या दाराशी त्याचा श्वास पार सुटला. बराच वेळ तो दाराला धरून उभा राहिला.

"सकाळी ब्याऐंशी व्हता," तो म्हणाला.

"डाक्टरला हाच सांगा," कमळ म्हणाली. तिनं त्याला बसवून त्याचे पाय उचलून आत घेतले, शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं.