गिरीशसाठी विणलेलं पुआन

मित्रांनो, मी मिझोरामचं एक जुनं पुआन आहे. पुआन म्हणजे हातानं विणलेलं, अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र. त्यातही मी पुआनदुम, काळंभोर आणि रंगीत पट्ट्यांचं. रुआतीच्या आईनं आयझॉलला मागाचा पट्टा कमरेला बांधून मला विणलं. आमच्याकडे मुलगी लग्नात पुआनदुम घेऊनच सासरी जाते. पुढे कधी नवरा गेला, तर ते त्याच्या अंगावर घालायचं. माझं काम तेवढंच.

रुआती नर्स होती. तिनं डॉक्टर गिरीशशी लग्न केलं आणि मी लंडनमधल्या हॅरोला आलो, पेटीत पैठणीशेजारी. गिरीश माणूस मोठा गमतीचा! उन्हाळ्यात रुआती मला गार्डनमध्ये वाळत घालायची, तेव्हा तो विचारायचा, माझी शाल नीट आहे ना?

१९९३च्या हिवाळ्यात तो फार आजारी पडून हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. मेडनहेडहून त्याची थोरली बहीण वैजयंतीताई घर सांभाळायला आल्या. बिचाऱ्या रोज वॉर्डमध्ये डबा न्यायच्या. एकदा पेटी आवरताना त्यांनी हे काळं काय, म्हणून विचारलं. रुआतीनं सरळ सांगून टाकलं. ताईंचा चेहराच उतरला. जित्या भावाचं मरणाचं वस्त्र घरात! दुसऱ्या दिवशी रुआती ड्यूटीवर गेल्यावर त्यांनी मला पिशवीत घातलं आणि दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये देऊन आल्या. आता भाऊ घरी येईल, असं वाटेत पुटपुटत होत्या. मी काय बोलणार, कपाळ!

दुकानातल्या बाईंना शिवणाची हौस. त्यांनी मला कापून उशांचे अभ्रे शिवले. फार दुखलं, मित्रांनो.

काही दिवसांनी दोघी दुकानात आल्या. ताईंचे डोळे सुजलेले पाहिले आणि गिरीश गेल्याचं मला कळलं. शेल्फवर माझे दोनच अभ्रे उरले होते. रुआतीनं ते काउंटरवर जोडून ठेवले, हातानं मापून पाहिले. गिरीशची छातीसुद्धा झाकली नसती.

"मला वाटलं, हे घरातून गेलं की तो वाचेल गं," ताई म्हणाल्या.

"ताई, आईनं मला हे एकच काम सांगितलं होतं," रुआती म्हणाली. तिनं अभ्रे परत शेल्फवर ठेवले आणि ती निघून गेली.

आता मी कुणाच्या तरी सोफ्यावर आहे. लोक मला टेकून टीव्ही बघतात. मित्रांनो, वस्तू जपा, असं तरी कसं सांगू? ताईंना भावालाच जपायचं होतं. दुसऱ्याच्या पेटीतलं काही बाहेर काढण्याआधी त्याला विचारा, एवढंच म्हणतो. गिरीशला शेवटी कशात गुंडाळून नेलं, ते मला कुणीच सांगितलं नाही.