कोण कुठे बसणार

शाळेत सगळे त्यांना परीक्षावाल्या बाई म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम इमानेइतबारे केलं होतं: कुठल्या पोराने कुठल्या खोलीत, कुठल्या बाकावर बसून पेपर लिहायचा ते ठरवणं. जिगरी दोस्त मागेपुढे येता कामा नयेत आणि हाडवैरी शेजारी येता कामा नयेत. बाईंचा तक्ता लागला की मुख्याध्यापकांचीसुद्धा त्यात बोट घालायची टाप नव्हती. अशा बाईंच्या लेकीचं लग्न, आणि रिसेप्शनला पाहुण्यांना जागा नेमून द्यायच्या की नाहीत यावर घरात आठवडाभर घोळ चालावा, हेच मुळात नवल होतं.

नवरा म्हणाला, "अगं, रिसेप्शन आहे, वार्षिक परीक्षा नाही. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसेल. उद्या कोणी शेजारच्याच्या ताटात डोकावलं तर काय पेपर काढून घेणार आहेस?"

लेक खो खो हसली. बाई नुसतं "बघू" म्हणाल्या. जागा नेमायच्या म्हणजे एक नाव कागदावर लिहायचं, आणि त्या नावाला त्या मनातून घाबरत होत्या.

ते नाव त्यांच्या धाकट्या भावाचं. घरात त्याला घुम्या म्हणत. लिफ्ट दुरुस्तीचं काम, दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात एकटा, आणि घरीही विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याची एकुलती एक मुलगी अपघातात गेली आणि तेव्हापासून विचारलं तरी बोलेनासा झाला. कोणाच्या बारशाला नाही, लग्नाला नाही. या लग्नाला मात्र चक्क "येतो" म्हणाला, आणि तीन दिवसांनी त्याचा फोन आला.

"ताई, जागा नेमून देणार आहेस का?"

"अजून काही ठरलं नाही रे. का?"

"दे. तुझे मोठे दीर कुठे बसणार ते मला आधी कळायला हवं."

"ते कशाला?"

"असू दे," म्हणाला आणि फोन ठेवला.

अपघाताच्या दिवशी गाडी दीरच चालवत होते. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, पण समोरून ट्रक अंगावर आला तिथे ते तरी काय करणार? गाडीचं नाक चेपलं. पुढे बसलेली घुम्याची मुलगी जागच्या जागी गेली. मागे बसलेल्या बाईंना आणि त्यांच्या लेकीला साधं खरचटलंही नाही. घुम्याने तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, पोर पुढे कशी काय बसली? दीर म्हणाले, तिनेच हट्ट धरला. तेव्हापासून घुम्याने दिरांचं तोंड पाहिलं नव्हतं.

कसला हट्ट न् कसलं काय! पुढे बसली होती बाईंची लेक. वाटेत चहाला थांबले आणि परत गाडीत बसताना बाई म्हणाल्या, "हिला पुढे ऊन फार लागतंय. ये गं तू मागे. आणि तू बस पुढे." भाची मुकाट्याने पुढे जाऊन बसली. बापासारखीच होती ती, कमी बोलणारी. त्यानंतर पाच मिनिटांत सगळं संपलं. दिरांनी खोटं बोलून बाईंवर पांघरूण घातलं. लेक तेव्हा अर्धवट झोपेत होती. तिला काही आठवतं का, हे विचारायची बाईंची नऊ वर्षांत हिंमत झाली नव्हती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बाईंनी दिवस काढले. पण गेल्या महिन्यात दिरांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातच त्यांनी बाईंना जवळ बोलावून सांगितलं, "मी आपणहून त्याच्याकडे जाणार नाही. पण त्याने तोंडावर विचारलं, तर आता खोटं बोलवणार नाही माझ्याच्याने."

म्हणजे त्याने विचारताच कामा नये. घुम्याचा फोन ठेवल्या ठेवल्या बाईंनी ठरवून टाकलं, जागा नेमायच्याच. तेरा टेबलं. दीर स्टेजपाशी पहिल्या टेबलावर, घुम्या पार दाराशी तेराव्यावर, मध्ये दोन जाडजूड खांब. दिरांच्या भोवती त्यांनी जावयाकडच्या तीन बडबड्या आत्या पेरल्या. त्यांच्या तावडीत सापडलेला माणूस हात धुवायलाही सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. नवरा म्हणाला, "हौस आहे बुवा तुझी." बाईंना जरा हायसं वाटलं.

आणि मग त्यांनी अशी चूक केली, जी जगात दुसऱ्या कोणी केली नसती. परीक्षेचा तक्ता आदल्या दिवशीच दारावर लावायचा, म्हणजे सकाळी पोरांची पळापळ होत नाही. हात सव्वीस वर्षांचा सरावलेला. आदल्या दुपारी हॉल बघायला गेल्या तेव्हा त्यांनी तक्ता दारावर लावला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारली, दोन पावलं मागे सरकून तो सरळ आहे ना तेही पाहिलं. घरी आल्या तरी काही लक्षात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलचा रखवालदार म्हणाला, "बाई, काल तुमचे एक पाहुणे येऊन गेले. तासभर त्या कागदासमोर उभे. म्हटलं, कार्यक्रम उद्या आहे. तर म्हणाले, माहीत आहे."

"दिसायला कसे होते?"

"काळसर, उंच. हाताला ग्रीस लागलेलं."

बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी तक्ता ओरबाडून काढला, पण आता त्याचा काय उपयोग? धावत आत गेल्या, तर दीर आधीच येऊन पहिल्या टेबलावर बसलेले, काठी मांडीवर आडवी. "भाऊजी, तिकडे खिडकीपाशी बसता का? वारा आहे छान." दिरांनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "इथेच बरा आहे. पळून पळून पळणार तरी किती?"

घुम्या साडेबाराला आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखं घासून लख्ख केलेली. तेराव्या टेबलाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. व्याह्यांच्या नातेवाइकांनी बाईंचे दोन्ही हात धरून ठेवले होते, आणि त्यांच्या खांद्यावरून बाईंना तो सरळ स्टेजकडे जाताना दिसत होता. पहिल्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती. प्रत्येक टेबलावर एक होती. परीक्षेच्या प्रत्येक खोलीत एक बाक राखीव ठेवावा लागतो, म्हणून बाईंनी इथेही एकेक खुर्ची राखीव ठेवली होती आणि तक्त्यात तसं ठळक अक्षरात लिहिलंही होतं. आत्याबाई हसून जरा सरकल्या. घुम्या बसला.

त्याने काहीतरी विचारलं, चार शब्द असतील. दीर बोलू लागले. आत्याबाईंची बडबड थांबली. दिरांनी रुमाल डोळ्यांना लावला तेव्हा घुम्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. नऊ वर्षांचं वैर तिथे दहा मिनिटांत मिटलं, आणि ते मिटताना बघून बाईंना कळलं, दिरांनी सगळं सांगितलं.

"चला, मुलीकडचे सगळे फोटोला!" स्टेजवरून फोटोग्राफर ओरडला.

घुम्या उठला आणि बाईंसमोर येऊन उभा राहिला. आवाज अगदी साधा, लहानपणी पतंगाचा दोरा मागायचा तसा. "ताई, फोटोला बोलावतायत. मी कुठे उभा राहू?"

स्टेजवर लेक हात हलवून मामाला बोलवत होती, आपल्या शेजारची जागा दाखवत होती.

"तिथे दिवे फार तापलेत, ताई," घुम्या म्हणाला. "पोरीला त्रास होईल. तिला मागे घे. पुढे मी राहतो."

बाई त्याचा हात धरायला गेल्या, पण तोवर तो पायऱ्या चढून लेकीकडे निघाला होता.