पाच आठवड्यांची मुदत

कॉम्प्युटरचं अपडेट आलं की शहाण्या माणसाला वैताग येतो. भागोजीला आनंद व्हायचा. कॅलेंडरवर त्या तारखेभोवती तो पेन्सिलीने गोल काढून ठेवायचा, आणि शेजारच्या यमुनाबाईला वाटायचं, म्हाताऱ्याची गोळ्या आणायची तारीख असेल.

कारण अगदी साधं होतं. अपडेट आलं की मुंबईचा मुलगा, सागर, घरी यायचा. म्हणजे तो स्वतः नाही, त्याचा बाण यायचा.

भागोजीचं घर लांज्यापासून आत आठ किलोमीटरवर. एवढ्या आडवाटेच्या वाडीत कॉम्प्युटर आला तो लॉकडाऊनमध्ये. सागर मुंबईहून गावी आला आणि माजघरात टेबल मांडून कंपनीचं काम करू लागला. तेव्हा भर मीटिंगमध्ये अपडेट यायचं, मशीन आपलं आपण बंद पडायचं आणि सागर डोक्याला हात लावून बसायचा. म्हणून त्याने अपडेट थांबवायला सुरुवात केली. पण ते काही जन्मभर थांबवता येत नाही. पाच आठवडे मुदत मिळते. मुदत संपली की आधी अपडेट घ्या, मगच पुढची मुदत मागा.

चौदा महिन्यांनी सागर परत गेला. कंपनीने त्याला लॅपटॉप दिला आणि कॉम्प्युटर घरीच राहिला. जाताना त्याने बजावलं, "बाबा, अपडेट आलं तर मला विचारल्याशिवाय काही दाबू नका."

हे वाक्य भागोजीने घट्ट धरून ठेवलं. तसा तो मुंबईत एकतीस वर्षं लिफ्टमन होता. बटणं दाबण्यातच त्याचा जन्म गेला होता, एक बटण दाबणं त्याला काही जड नव्हतं. पण तो फोन करायचा. "सागर, आला रे तो. काय करू? दाबू काय?"

मग सागर तिकडून, इंटरनेटवरून, कॉम्प्युटरच्या आत शिरायचा. पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागायचा. भागोजी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचा आणि बघत बसायचा. सागरचा बाण चपळ. लहानपणी तो अंगणात असाच धावत असेल, असं भागोजीला वाटायचं. असेल म्हणायचं, कारण त्याने ते पाहिलं नव्हतं. सागर अंगणात धावत होता तेव्हा बाप फोर्टमध्ये लोकांना वरखाली नेत होता. पुढे भागोजी निवृत्त होऊन गावी आला, त्याच वर्षी सागर नोकरीला मुंबईत गेला. एक एस.टी. घाट चढते तेव्हा दुसरी उतरते, तसं बापलेकांचं झालं. दोन वर्षांनी सागरची आई हौसा गेली. एकूण, पुढे आलेल्या महामारीचे ते चौदा महिनेच काय ते बापलेक एका छपराखाली राहिले होते. जग मरत होतं आणि भागोजी सुखात होता. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, पण खरं तेच होतं.

वाडीतली लाईन मुंगीच्या पावलाने चालायची, त्यामुळे अपडेट उतरायला तास लागायचा. तोवर सागरला फोनवर थांबावं लागे, आणि थांबला की माणूस बोलतोच. काजूला मोहर आला का, रावजीकाकांचा गुडघा कसा आहे, नम्रताला बढती मिळाली. नम्रता म्हणजे सागरची बायको. अपडेटचे टक्के वर सरकू लागले की भागोजी घाईघाईने नवा विषय काढायचा. पंचाण्णव झाले की गप्पा आटोपत्या व्हायच्या. शंभर झाले की सागर सवयीने पुढची मुदत टाकून म्हणे, "झालं बाबा. आता पाच आठवडे निवांत."

निवांत! त्या निवांतपणानेच तर म्हाताऱ्याचा जीव खाल्ला होता.

या वेळी गणपती होऊन महिना झाला होता. गणपतीला सागर दोन दिवस आला आणि त्यातला दीड दिवस फोनवर होता. आता शिमग्यापर्यंत त्याच्या येण्याचं कारण नव्हतं. भात कापणीला आलं होतं आणि परतीचा पाऊस रोज दुपारी कुठे ना कुठे गुरगुरून जायचा. गोल केलेली तारीख आली तसा भागोजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कॉम्प्युटरपुढे बसला आणि फोन लावला.

बाण आला. पण सागर घाईत होता. "बाबा, ऐका. हे दर वेळचं लफडं मी आता संपवून टाकतो. आज अपडेट होऊ दे. संध्याकाळी मी परत आत येतो आणि सगळं ऑटोमॅटिक करून ठेवतो. तुम्ही वापरत नसाल तेव्हा ते आपलं आपण होईल. तुम्हाला काही करायला नको, मला विचारायला नको."

"माका... मला तरास नाय रे त्याचा."

"तुम्हाला नाही हो, पण दर वेळी तासभर जातो ना. आता मी ठेवतो, मीटिंग आहे. मशीन बंद करू नका, टक्के पूर्ण होऊ देत."

बाण जागच्या जागी थांबला. थोड्या वेळाने मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर अक्षरं आली. अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. अकरा टक्के. एकोणीस टक्के. भागोजी एकटाच टक्के मोजत बसला. आज गप्पा नव्हत्या, आणि संध्याकाळनंतर त्या कधीच असणार नव्हत्या. मुलाचा तासभर जातो. हे त्याच्या मनाला फार लागलं.

चव्वेचाळीस टक्क्यांवर आभाळ गडगडलं.

कोकणात गडगडलं की माणूस आधी प्लग काढतो, मग वाळत घातलेले कपडे. विजेने कोणाकोणाचे टी.व्ही. जळले ते प्रत्येकाला पाठ असतं. भागोजीही त्यातलाच. पण जवळचं गडगडणं कोणतं आणि लांबचं कोणतं हेही त्याला कळत होतं. हे लांबचं होतं, देवरुखाच्या डोंगरांपलीकडचं. अंगणात ऊन होतं. एरवी तो जागचा हलला नसता. आज तो उठला, भिंतीपाशी गेला आणि क्षणभर प्लगला हात लावून उभा राहिला. मग त्याने प्लग ओढला.

पडदा काळा झाला. भागोजी खुर्चीत येऊन बसला. आपण काय केलं हे त्याला पुरतं माहीत होतं.

पुन्हा प्लग लावला, बटण दाबलं. मशीन सुरू व्हायचं, निळ्या पडद्यावर चार इंग्रजी ओळी दाखवायचं आणि बंद पडायचं. असं चार वेळा झालं. मग त्याने फोन केला.

"गडगडत हुता रे. मी घाबरलो."

सागरने मोठा श्वास सोडला, पण ओरडला नाही. उलट ओरडला असता तर बरं, असं भागोजीला वाटलं. "बाबा, आता मला इथून काहीच करता येणार नाही. ते सुरूच होत नाही तर मी आत येणार कसा? कोणीतरी समोर बसून करावं लागेल."

कोणीतरी समोर बसून! भागोजीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग?"

"शनिवारपर्यंत करतो काहीतरी. काळजी करू नका."

आता 'शनिवारपर्यंत करतो' याचा अर्थ 'शनिवारी येतो' असा कुठल्याही कोशात नाही. पण भागोजीने तो तसा घेतला. ऐकणाऱ्याला जे हवं तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी त्याने गादी उन्हात टाकली. कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. लांज्याच्या बाजारात जाऊन सुकी कोळंबी आणली, कारण सागरला ती कांद्यात परतलेली आवडते. यमुनाबाईने कुंपणापलीकडून विचारलंच.

"आत्ताच तर गणपतीला येऊन गेला. परत रजा काढलान काय?"

"कॉम्प्युटर बिघडलाय ना," भागोजी म्हणाला. "त्याच्याबिगर कोणाला जमनार?"

शनिवारी सकाळी दहाला अंगणात स्कूटर थांबली. सागर स्कूटरने कसा येईल, हा विचार सुचण्याआधीच भागोजी पायरीवर पोचला होता. हेल्मेट काढून एक मुलगी उतरली. पाठीला सॅक. "भागोजीकाका ना? मी तेजस्वी. लांज्याला स्टँडमागे माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे. सागरदादांनी फोन केला होता. त्यांना तर इतक्या लांबून येणं जमत नाही ना, म्हणून मला पाठवलं."

"ये," भागोजी म्हणाला. तो पायरीवरून बाजूला झाला.

पोरगी कामाची होती. तिने पेनड्राईव्ह लावला आणि निळ्या पडद्याशी झटापट सुरू केली. भागोजी तिच्यासाठी चहा टाकायला आत गेला आणि गॅसपाशी उभ्या उभ्या त्याला एक जुनं पत्र आठवलं.

सागर तेव्हा पहिलीत असेल. हौसाने पत्र पाठवलं होतं, मोडक्यातोडक्या अक्षरात. पडवीचा वासा कुजला आहे, कधी पडेल नेम नाही, एकदा येऊन बघून जावं. भागोजीने पत्र वाचलं आणि त्याच दिवशी वाडीतल्या रावजी सुताराला निरोप धाडला, जरा वासा बघून घे. रावजीने वासा बदलला. काम झालं, भागोजी निश्चिंत झाला. आपण किती तत्पर, असंही त्याला तेव्हा वाटलं होतं. पुढे शिमग्याला आला तेव्हा रावजी पारावर भेटला आणि हसत म्हणाला, "भागोजी, वासा कुजलेला नव्हता हो. ठोकून बघितला, खणखणीत. पण वैनी म्हणाली बदल, म्हणून बदलला." तेव्हा भागोजीही हसला होता. बायकांना काय, उगाच धास्ती, असं म्हणाला होता. घरी येऊन त्याने हौसाला त्यावरून चिडवलंसुद्धा. ती भाकरी थापत राहिली.

चहा उतू गेला. भागोजीने गॅस बंद केला आणि तो तिथेच पाटावर बसला. एक माणूस यावा म्हणून तिने धडधाकट वासा कुजवला, आणि आपण सुतार पाठवला. एवढी साधी गोष्ट कळायला त्याला सत्तावीस वर्षं लागली. आणि ज्या बाईला ते सांगायचं, ती ऐकायला राहिली नव्हती. तो तोंडाला टॉवेल लावून रडला. आवाज बाहेर जाऊ दिला नाही.

तासा-दीड तासाने तेजस्वीने हाक मारली. "काका, झालं बघा. अपडेटपण पूर्ण घेतलं." पडदा पूर्वीसारखा उजळला होता. "भर अपडेटात प्लग काढलात ना? गडगडलं की सगळेच काढतात. या दिवसांत माझ्याकडे अशी पाच-सहा मशिनं येतात."

"गडगडत हुता," भागोजी म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पण लांब हुता."

तिला ते नीट कळलं नाही. ती पुढचं बोलत होती. "सागरदादांनी सांगितलंय, अपडेट ऑटोमॅटिक करून ठेवा. पण मशीन तुमचं आहे, म्हणून विचारते. ऑटोमॅटिक करू, की आधीसारखंच ठेवू? आधीसारखं ठेवलं तर पाच आठवड्यांनी परत विचारेल, तेव्हा त्यांना फोन करावा लागेल."

भागोजी पडद्याकडे बघत राहिला. एक शब्द बोलला असता तर पेन्सिलीचा गोल काढता आला असता. पाच आठवड्यांनी बाण आला असता, तास मिळाला असता. नुसतं "राहू दे" म्हणायचं होतं.

"ऑटोमॅटिक कर," तो म्हणाला.

"वापरायचे तास कोणते टाकू? त्या वेळेत ते मधेच बंद पडणार नाही."

भागोजीला हसू आलं. सागर यायचा त्याखेरीज त्याने ते मशीन कधी वापरलं होतं? "टाक तुला काय ते," तो म्हणाला.

तेजस्वीने आठ ते पाच टाकलं, उतू जाऊन दोन घोट उरलेला चहा प्यायली आणि गेली. तिची स्कूटर वळणाआड गेल्यावर वाडी पुन्हा गप्प झाली. भागोजी पडवीत येऊन बसला आणि त्याने फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगायला काही बिघडलेलं नव्हतं.

"काय झालं बाबा? ती आली नाही का?"

"आली. झाला नीट. आटोमॅटिक करून गेली."

"अरे वा! मग आता काय अडलंय?"

"काय नाय अडलेला."

"मग?"

"मग काय नाय. सागर, त्या दिवशी वीज लांब हुती. मी मुद्दाम प्लग काढला. तू येशील म्हणून. तुझी आठवण येते रे, म्हणून."

भागोजीने फोन कानापासून लांब धरून बघितलं. चालू होता.

"बाबा," सागर शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज घाबरलेला होता, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बीपी वाढलंय का? थांबा, मी रावजीकाकांना फोन करतो, त्यांना पाठवतो. नाहीतर लांज्याहून डॉक्टरांना..."

"सागर," भागोजी म्हणाला. "कोणाला पाठवू नको."