बुटक्या छताखालची किक

ऋचा गजभिये मेलबर्नला खेळायला गेली तेव्हा झाला नव्हता इतका आनंद सिंगापूरच्या मराठी मंडळींना ती परत आली तेव्हा झाला. तोंडावर कुणी हसलं नाही. आपली माणसं सभ्य. ती सांत्वनाला येतात.

शैलेंद्रकाका आले. तांजोंग पगारला बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मंडळाचे अध्यक्ष. म्हणाले, ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा काय आपल्या मुलींचा खेळ आहे का, आमच्या चैत्रालीसारखी अकाउंटन्सी घे. सोफ्यावर पाय पसरून त्यांनी चहा घेतला आणि शेवटपर्यंत तिला बाळ, बाळ म्हटलं. गजभिये हे आडनाव त्यांच्या तोंडी कधी यायचंच नाही. फार वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत त्यांनी ऋचाच्या बाबांना, उज्ज्वलला, विचारलं होतं, गजभिये म्हणजे कुठले? उज्ज्वल म्हणाला, नागपूरचे. त्यावर काका 'अच्छा' म्हणाले. तो 'अच्छा' जरा लांबला. समुद्र ओलांडून आले, पासपोर्ट बदलले, पण ती चाळणी मात्र सामानात जपून आणली होती.

ऋचाने त्यांचा रिकामा कप उचलून आत नेला. मेलबर्नच्या क्लबने तिला एका मोसमासाठी घेतलं, बहुतेक वेळ बाकावर बसवलं आणि फोनवर आभार मानून सोडून दिलं.

चूक तिच्या पायात होती म्हणे. ती किक खाली मारते.

आता ती वर कुठून मारणार? बाबांच्या विद्यापीठातला एक ऑस्ट्रेलियन सहकारी घरी परत जाताना तिला तो लांबट चेंडू देऊन गेला, तेव्हा ती शाळेत होती. घराजवळ, क्लेमेंटीत, मैदान कधी मोकळं मिळायचं नाही. उरला ब्लॉकखालचा व्हॉइड डेक, इमारतीखालची मोकळी जागा: खांब, सिमेंटची फरशी, हात उंचावला तर लागेल की काय असं छत आणि भिंतीवर चेंडू खेळायला मनाईची पाटी. चेंडू वर गेला की ट्यूबलाइट फुटणार आणि तळमजल्यावरचे टॅन अंकल बाहेर येणार. म्हणून ऋचा दोन खांबांच्या मधून चेंडू सरळ, कमरेच्या उंचीवर, ताडकन मारायला शिकली. झेलायला कोण? आई. सविता ऑफिसातून यायची, पर्स खांबाला टेकवून ठेवायची आणि साडीचा पदर खोचून उभी राहायची. छातीवर निळे डाग पडायचे. डॉक्टरने विचारलं तर पडले म्हणायची.

मेलबर्नच्या कोचने ती किक मोडून काढली. या खेळात चेंडू उंच टाकायचा, उंच पोरींनी उडी मारून तो झेलायचा, असं त्यांचं शास्त्र. मोसमभर ऋचा तेच घोटत राहिली. जुनी किक गेली आणि नवी आली नाही.

आणि आता, दोन हजार अठराच्या डिसेंबरात, दुसरा एक क्लब सरावासाठी सिंगापुरात आला होता. त्यांच्या एका मुलीचा गुडघा गेला होता, संघात एकच जागा रिकामी होती. इथल्या बायकांच्या हौशी संघाशी ते सामना खेळणार होते, आणि त्या संघात ऋचा होती. त्या क्लबसाठी खेळाडू निवडणारी जोआन नावाची बाई बाजूला खुर्ची टाकून बसणार होती. घरात ठरलं होतं, आज जमलं नाही तर खेळ संपला, कॉलेज सुरू. उज्ज्वलने ते रागावून सांगितलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं.

सामना क्लेमेंटीतच होता, ब्लॉकांच्या मागच्या मैदानावर. पहिल्या अर्ध्यात ऋचा शिकवल्याप्रमाणे खेळली. चेंडू उंच गेला, त्यांच्या ताडमाड पोरींनी आरामात झेलला. पुन्हा उंच, पुन्हा त्यांच्याच हातात. जोआन फोनवर कुणाशी तरी बोलत होती. तिने तर बघणंही सोडलं होतं.

तेवढ्यात विजेचा भोंगा वाजला. सिंगापुरात आभाळ गडगडायच्या आधी भोंगा वाजतो आणि मैदान रिकामं करावं लागतं. सगळ्या धावत जवळच्या, ऋचाच्याच ब्लॉकखाली शिरल्या. पावसाने समोरचं सगळं पुसून टाकलं. सविता छत्री आणि चिवड्याचा डबा घेऊन तिथेच उभी होती. ऋचा एका खांबाला पाठ लावून खाली बसली.

"संपलं, आई," ती म्हणाली.

सविताने डबा खाली ठेवला. पर्स खांबाला टेकवली. दहाएक पावलं मागे गेली आणि पदर खोचला.

"मार."

"इथे? सगळे बघतायत."

"मग बघू दे की. तिकडे वर छत नव्हतं म्हणून तू बिघडलीस. मार म्हणते ना."

ऋचा उठली. फार विचार केला नाही. चेंडू दोन खांबांच्या मधून सणसणत गेला आणि सविताच्या छातीवर थाडकन बसला. सविता जागची हलली नाही. चेंडू परत आला. पुन्हा गेला. गप्पा मारणाऱ्या पाहुण्या पोरी एकेक करून वळून बघायला लागल्या. टॅन अंकल बाहेर आले, केस पांढरे झाले तरी आवाज तोच: नो बॉल गेम्स, हाऊ मेनी टाइम्स मस्ट टेल यू! सविता म्हणाली, सॉरी अंकल, लास्ट वन लाह. तो लास्ट वन पाऊस थांबेपर्यंत चालला.

दुसऱ्या अर्ध्यात मैदानाचा चिखल झाला होता. उंच टाकलेला चेंडू ओल्या हातांतून साबणासारखा निसटत होता. ऋचाने वर बघणंच बंद केलं. आपल्या डोक्यावर छत आहे, असं धरून ती खेळली. खाली, सरळ, पळणाऱ्या बाईच्या थेट छातीवर. तिच्या संघातली चाळिशीची शाळामास्तरीण असे चेंडू झेलून गोलावर गोल मारायला लागली. पाहुण्यांच्या कोचने ऋचावर एक मुलगी लावली. भागेना, म्हणून दुसरी लावली. ती दोघींच्या मधून मारायची. त्या तिच्यासाठी खांबच होत्या.

हौशी संघ हरला, थोडक्यात. पण शिट्टी वाजली तेव्हा जोआन खुर्चीत नव्हती. चिखल तुडवत ती ऋचाकडे येत होती.

"ही किक कुठल्या अकादमीतली?" तिने विचारलं.

ऋचाने समोरच्या ब्लॉकखाली बोट दाखवलं. जोआनला वाटलं, तिथे ऑफिस असेल.

पुढच्या मोसमात ऋचा त्या क्लबकडून खेळली आणि तिचा एकही सामना चुकला नाही. तिचे खालचे पास टीव्हीवर सावकाश करून दाखवायला लागले. समालोचक गजभियेचा उच्चार दर वेळी वेगळा करायचे, पण न अडखळता करायचे.

मोसम संपला आणि शैलेंद्रकाकांना आठवलं की ती आपली आहे. सेरंगूनच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये मंडळाच्या वतीने सत्कार ठेवला. शाल, नारळ, खाली टांगलेली झुंबरं. काकांनी माइक धरून 'आपल्या मराठी मातीची लेक, आपली ऋचा' इथपर्यंत आणलं आणि टाळ्यांसाठी हात उचलला.

ऋचाने माइक घेतला.

"गजभिये," ती म्हणाली. "ऋचा गजभिये. नागपूरचे. काका, विसरलात तुम्ही."

मागच्या रांगेत उज्ज्वल गालातल्या गालात हसत होता.

मग कुणीतरी घाईघाईने म्हणालं, एक किक दाखव ना. काका म्हणाले, अगं, वर झुंबरं आहेत. दारापाशी जाऊन सविताने पर्स खाली ठेवली आणि पैठणीचा पदर खोचला.

ऋचाने टेबलावर शोभेला ठेवलेला चेंडू हातात घेतला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी माना खाली घातल्या, काकांनी सगळ्यांत आधी. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून, झुंबरांच्या खालून सणसणत गेला आणि थाडकन आईच्या छातीवर बसला.

एकही लोलक हलला नाही.